अभिप्रायाचा रकाना

अमेरिकेत कापूस पिकवणारे शेतकरी पंचवीस हजार. घाटंजीच्या बसस्टँडमागच्या जिनिंगचा फिटर एक. पंचवीस हजारांचं त्या एकाशी वैर नव्हतं, कारण ओळखच नव्हती. पण तिकडच्या सरकारनं आपल्या माणसांना दरसाल एवढं अनुदान दिलं, की कापूस कितीही स्वस्त विकला तरी त्यांचं चालत होतं. मग एक दिवस आपल्याकडच्या गिरण्यांच्या लक्षात आलं, की घाटंजीहून ट्रकमध्ये बसून येणाऱ्या रुईपेक्षा सातासमुद्रापलीकडून बोटीत बसून आलेली रुई परवडते. दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर जिनिंग सुरूच झालं नाही. मालकानं फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली फिटरकडे दिली. आठ दिवसांत उघडायचंच आहे, असं मालकाला वाटत होतं.

फिटरचं नाव रहमत. कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणारी चोवीस यंत्रं त्या शेडमध्ये होती आणि एकतीस हंगाम त्यानं ती चालती ठेवली होती. कुठल्या यंत्राचं काय दुखतंय हे तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून, मूठ कानाला लावून सांगायचा. गावातले डॉक्टर याहून जास्त वेळ घेत. आता त्यानं बाजाररस्त्यावर मिक्सर आणि टेबलफॅन दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. मिक्सरला कान लावावा लागत नाही. जळका वास येतो.

दुकानात एकच खुर्ची होती आणि तिच्यावर सकाळी नऊ ते अकरा मधुसूदनराव असत. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. बरोबर वर्तमानपत्र आणायचे आणि मोठ्यानं वाचायचे. रहमतला वाचता येत नव्हतं असं नाही. पण मधुसूदनरावांना कुणाला तरी ऐकवल्याशिवाय वाचता येत नव्हतं, म्हणून कामाची अशी वाटणी झाली होती.

दोन हजार तीनच्या पोळ्यानंतर त्यांनी मेक्सिकोतल्या कुठल्याशा व्यापार परिषदेची बातमी वाचली.

"आफ्रिकेतले चार देश आहेत. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली. ते म्हणतात, अमेरिकेनं आपल्या शेतकऱ्यांना पैसे देणं बंद करावं. आमचा कापूस मरून राहिला."

"मंग?"

"अमेरिका म्हणते, तुम्ही दुसरं काहीतरी पेरा."

रहमतनं मिक्सरचं भांडं उलटं करून पाहिलं. "अन् हे दोस्त हायेत का दुश्मन?"

"दोस्त. गरिबी हटवायला अमेरिका त्यांना मदत देते."

"म्हंजे असं झालं मधुबाबू. पाटलाचं ढोर आपल्या वावरात चरून राह्यलं. आपून पाटलाकडं गेलो. पाटील म्हन्ते, ढोर तं मी बांधत नाई, पन कुंपन कसं घालाचं ते शिकवाले मानूस पाठवतो."

"ढोर का बांधत नाही ते लक्षात घे. ढोराचे मालक तिथं मत देतात. मालीवाले देत नाहीत."

"मी बी कुठी देतो तिथी," रहमत म्हणाला आणि भांड्यात फुंकर मारली.

एवढ्यावर अमेरिकेचं परराष्ट्र धोरण त्या दिवशी आटोपलं. अकरा वाजले होते.

पाटलाचा माणूस खरंच निघाला, पण त्याला अडीच वर्षं लागली. दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत रहमतला नागपूरहून पाकीट आलं. मालीत जिनिंग सुधारायचा कार्यक्रम होता. मदत अमेरिकन जनतेची, कंत्राट वॉशिंग्टनच्या सल्लागारांचं, पोटकंत्राट दिल्लीच्या कंपनीचं आणि माणसं गोळा करायचं काम धरमपेठेतल्या एका ऑफिसचं. भारतातून लहान यंत्रं जाणार होती. ती बसवायला आणि तिथल्या पोरांना शिकवायला दोन वर्षांसाठी आठ अनुभवी फिटर हवे होते. अनुदान चालूच राहणार होतं. कुंपण शिकवायला जाणारा माणूस मात्र, फिरत फिरत, घाटंजीचा निघाला.

रहमतनं पाकीट वाचलं, घडी केली, दुकान बंद केलं आणि सकाळभर दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सात पानी इंग्रजी अर्ज त्यानं मधुसूदनरावांपुढे ठेवला. जिथं जिथं सहीची जागा होती तिथं सह्या आधीच करून आणल्या होत्या. मधुबाबूंनी भरलेला कागद तपासून मग सही करणं त्याला अपमानासारखं वाटलं असतं.

"भरून टाका," तो म्हणाला. "मले जाचं हाय."

इतकं सरळ वाक्य रहमतच्या तोंडून मधुसूदनरावांनी फार वेळा ऐकलं नव्हतं.

अर्ज त्यांनी घरी नेला आणि चांगलं पेन काढलं. नाव, वय, अनुभव, कुठली यंत्रं, किती अश्वशक्ती. अठरा रकाने मोत्यासारख्या अक्षरात भरले. एकोणिसाव्याला पेन थांबलं. "आपल्या अभिप्रायानुसार कापूस व्यवसायापुढील मुख्य अडचण कोणती?" खाली चार रेघा, आणि त्याखाली बारीक अक्षरात: जागा अपुरी पडल्यास स्वतंत्र कागद जोडावा.

हे समजायला कचेरीत आयुष्य काढायला हवं. अव्वल कारकुनाला मत नसतं. त्याच्याकडे "वरीलप्रमाणे सादर" असतं. तेहेतीस वर्षं मधुसूदनरावांनी नायब तहसीलदारांपासून आयुक्तांपर्यंत सर्वांच्या अभिप्रायांना टाचण्या लावल्या होत्या, आणि इथं कुणीतरी छापील कागदावर त्यांचा अभिप्राय मागत होतं. रहमतचा मागत होतं, हा तपशील त्यांच्या नजरेतून सुटला.

त्यांनी स्वतंत्र कागद जोडला. एकाचे तीन झाले. मुख्य अडचण यंत्रात नसून वॉशिंग्टनमध्ये आहे, असं पहिलं वाक्य होतं. पुढे पंचवीस हजार शेतकऱ्यांची टिपणी, कापूस पिकवणाऱ्या राज्यांच्या खासदारांचा दबाव, चार आफ्रिकी देशांचं निवेदन, आणि पाटलाचं ढोर, ते जसंच्या तसं. शेवटी हात सवयीनं चालतच राहिला: प्रत माहितीस्तव सविनय सादर: एक, मा. राजदूत, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, नवी दिल्ली. दोन, मा. जिल्हाधिकारी, यवतमाळ. जिल्हाधिकाऱ्यांना प्रत दिल्याशिवाय त्यांच्या हातून कुठलाच कागद तालुक्याबाहेर गेला नव्हता.

रजिस्टर पोस्टानं सगळं रवाना करून आल्यावर त्यांनी बायकोला कच्चा मसुदा वाचून दाखवला. रत्नप्रभाबाई पोहे निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "सोयरीक मागायला गेलात आणि मुलीच्या बापाची उलटतपासणी घेऊन आलात."

"त्यांनीच विचारलं होतं."

"तुम्ही कसे आहात, असंही लोक विचारतात. कुणी रक्तातली साखर सांगत बसत नाही."

"खरं आहे ते लिहिलं."

"खरंच आहे. फक्त एक राहिलं." त्यांनी पोह्यातला खडा काढून बाजूला ठेवला. "रहमतभाई गेले तर नऊ ते अकरा तुम्ही कुठे बसणार, हा अभिप्राय कुठल्या रकान्यात लिहिलात?"

मधुसूदनराव कागदाच्या घड्या करू लागले. घडी नीट बसेना. चार देशांचं आणि अमेरिकेचं दुखणं त्यांना नेमकं सांगता आलं होतं. कुणाच्या पोटात काय आहे म्हणून कोण काय बोलतं, हे ते बातमीतून ओळखत असत. स्वतःच्या पोटाची बातमी छापून येत नाही.

मार्चच्या मध्यावर पांढरकवड्याचा फिटर बबनराव दुकानात पेढे घेऊन आला. त्याला चाचणीला बोलावलं होतं. वणीच्या एकालाही बोलावलं होतं.

"तुमचं आलं असंन," बबनराव म्हणाला.

"येईन," रहमत म्हणाला. त्यानं पेढा खाल्ला, हात पुसले आणि टेबलफॅनची जाळी बसवायला घेतली. मधुसूदनरावांनी त्या दिवशी मृत्युलेखसुद्धा वाचून दाखवले, पण डोकं वर केलं नाही.

दोन दिवसांनी भल्या सकाळी जैबुनबी मधुसूदनरावांच्या घरी आली. रहमतची बायको. या घरी ती ईदेला शीरखुर्मा द्यायला यायची. मधेच आलेली कधी कुणी पाहिली नव्हती. पायरीवरच बसली.

"आत या भाभी," मधुसूदनराव म्हणाले.

"बसली न इथीच. भाऊ, एक पुसाचं होतं. फारमात काही कमी पडलं काय? येखादा दाखला बिखला? असंन तं सांगा, मी आनतो काढून."

"काही कमी नाही पडलं."

"मंग काहून नाई आलं? बबनरावचं आलं. त्यो तं यायच्या हाताखाली शिकला." तिनं पदर सारखा केला. "तुमाले म्हनून सांगतो. हे दर जुम्म्याले नमाजहून घरी येत नाई. कुलूप काढून तिथी जाते, जिनिंगात. चोवीसच्या चोवीस मशिनीले तेल देते. पट्टे हातानं फिरवून पाह्यते. साडेतीन वर्ष झाले. मी म्हटलं, बंद मशिनीले कायले तेल पाजता? तं म्हन्ते, लोखंड हाय, बसून बसून धरून येते."

मधुसूदनरावांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"मले काय, इथी राह्यले तं बरंच हाय," जैबुनबी म्हणाली. "पन घरी हाय अन् घरी नाई. त्यापरीस दूर राहून हाय असले तं चालते मले. दोन वर्ष तं दोन वर्ष. तुमी फारम चांगलाच भरला असंन, मले मालूम हाय. म्हनून तं पुसून राह्यली, की मंग कमी काय पडलं."

रत्नप्रभाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याची पिशवी खुंटीवरून काढली आणि त्याच्या हातात दिली. "नागपूरची पावणेनऊची मिळेल," त्या म्हणाल्या.

धरमपेठेतल्या ऑफिसात थंडी वाजेल इतका एसी होता आणि टेबलामागे चारुदत्त नावाचा तिशीतला, टायवाला मुलगा होता. रहमतचं नाव ऐकताच त्यानं कपाट न उघडता ड्रॉवर उघडला. अर्ज तिथं वेगळा ठेवलेला होता, वर लाल चिठ्ठी.

"हे तीन कागद कुणी लिहिले काका?"

"मी. त्याला माहीतही नाही."

"फार चांगले लिहिलेत. पाटलाचं ढोर मी आमच्या दिल्लीच्या साहेबांना फोनवर वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, याला यादीतून काढा."

"खोटं आहे का त्यातलं काही?"

"एक अक्षर नाही. आम्ही हेच शिकून इथं आलो. पण काका, ही मदत मंजूर का झाली? ते चार देश अनुदानाचा प्रश्न सारखा सारखा विचारायला लागले म्हणून. प्रश्न थांबावा म्हणून मदत आहे, आणि तुम्ही मदतीच्या अर्जावरच प्रश्न लिहिलात."

मधुसूदनरावांना हे एकदम पटलं. कचेरीत तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाला कामाची ही रीत नवीन नव्हती. फक्त ती इतक्या मोठ्या नकाशावर चालते, याचं त्यांना थोडं कौतुक वाटलं.

"मग तो रकाना ठेवलाच का?"

"नमुन्यात आहे म्हणून. तो कुणी भरत नाही."

"बबनरावांनी काय लिहिलं?"

"पाऊस कमी."

मधुसूदनरावांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा साहेब. चूक माझी आहे. मला वाटत होतं मी अमेरिकेविरुद्ध लिहितोय. तो जाऊ नये म्हणून लिहिलं मी. हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं, बायकोला आधीपासून होतं. तुम्ही मला काय शिक्षा करायची ती करा. पण त्याला यंत्रापाशी उभं करून एकदा पाहा. नाही जमलं तर परत पाठवा."

चारुदत्तनं अर्जावरची लाल चिठ्ठी काढली. मग म्हणाला, "मुदत संपली आहे. नवा अर्ज घेता येत नाही. खराब झालेला अर्ज मात्र बदलून घेता येतो." त्यानं रहमतचा अर्ज टेबलाच्या मधोमध ठेवला, कपातला उरलेला चहा त्यावर पहिल्या पानापासून शेवटापर्यंत सावकाश ओतला, आणि ड्रॉवरमधून कोरा नमुना काढला. "माझे आजोबा हिंगणघाटच्या गिरणीत होते," तो कपाकडे पाहत म्हणाला. "परवा संध्याकाळपर्यंत सह्यांसकट आणा. एकोणीस नंबर कोरा."

बसमध्ये मधुसूदनरावांनी अर्ज मांडीवर पिशवी ठेवून भरला. कापसाचे पांढरे ढीग नसलेली, नुसत्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या उभ्या असलेली वावरं खिडकीतून मागे जात होती. एकोणिसाव्या रकान्याशी पुन्हा अडलं. रकाना कोरा ठेवणं हे कारकुनाला चपला घालून देवळात जाण्यासारखं. कोऱ्या जागी पुढे कुणीही काहीही लिहू शकतं. म्हणून सरकारनं एक शब्द देऊन ठेवला आहे. त्यांनी तो इंग्रजीत लिहिला आणि पुढे आडवी रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी दुकानात रहमतनं सही करण्याआधी पहिल्यांदाच चष्मा लावला. पानं उलटत तो एकोणीसवर आला.

"हे काय होय?"

"निरंक. म्हणजे काही नाही."

"माह्या मते कापसाले काहीच अडचन नाई?"

"तुझ्या मते नाही."

"अन् पयला फारम काय झाला?"

"त्यावर चहा सांडला."

रहमतनं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली वाकून सात ठिकाणी सह्या केल्या.

चाचणी हिंगणघाटजवळच्या एका चालू जिनिंगात झाली. सहा यंत्रं सुरू करून ठेवली होती आणि एकात मुद्दाम बिघाड केलेला होता. रहमतनं बरोबर नेलेला स्क्रूड्रायव्हर एकेकाला टेकवला आणि दोन यंत्रं बिघडली आहेत असं सांगितलं. परीक्षक म्हणाले, एकच. खोलून पाहिलं तर दोन होती. दुसऱ्याचं मालकालाही माहीत नव्हतं. रहमतला घ्यायचं ठरलं, आणि मालकानं जेवल्याशिवाय त्याला सोडलं नाही.

मे महिन्यात निघायचा दिवस आला. सकाळी साडेसहाची बस. जैबुनबीनं ज्वारीच्या भाकऱ्या आणि ठेचा इतका बांधला होता, की तो मालीलाही पुरला असता. नागपूरहून लेक मुस्कान आली होती, ती कंडक्टरशी सामानावरून भांडत होती. मधुसूदनरावांनी रहमतला रसवंतीच्या बंद टपरीमागे नेलं.

"तुला एक सांगायचं आहे. चहा सांडला नव्हता."

"मालूम हाय."

"पहिल्या अर्जात मी..."

"बबनराव पेढे घेऊन आला न, तवाच समजलं मले. तुमी भरलेला फारम अन् वापस आला? तहसीलात तुमचा येक कागद कधी वापस आला नाई. म्हटलं, मधुबाबूनं कायतरी केलं. मंग वैनीले पुसलं, त्यायनं सारं सांगतलं."

"मग बोलला का नाहीस?"

रहमतनं टपरीच्या फळीवरची धूळ बोटानं पुसली. "काय बोलाव? जैबुन म्हने जा. पोरगी म्हने जा. मी सोताच म्हटलं जातो. कोनीच अडवेना मले. येक तुमी अडवलं, तेबी राजदूताले कागद लिवून. बरं वाटलं बाप्पा."

 मधुसूदनरावांनी रहमतच्या शर्टाची कॉलर उगाच सरळ केली.

"पन येक सांगा," रहमत म्हणाला. "तिथले शेतकरी मले पुसतीन. हे मशिनी तं आल्या, पन भाव काहून नाई? तवा काय सांगू? निरंक?"

मधुसूदनरावांनी विचार केला. समोर कार्यक्रम अमेरिकेचा होता, कंत्राट वॉशिंग्टनचं होतं आणि नोकरी रहमतची होती.

"पहिले सहा महिने भाषा येत नाही म्हणून सांग."

"अन् मंग?"

"मग आली म्हणून सांग. आणि सांगून टाक सगळं. तोवर तुझ्याशिवाय त्यांची यंत्रं चालायची नाहीत."

कंडक्टरनं घंटी वाजवली. रहमत चढला, खिडकीपाशी बसला आणि जैबुनबीकडे पाहून नुसती मान हलवली. एकतीस हंगाम जिनिंगवर जाताना हलवायचा तशीच. बस धूळ उडवत वळली.

मुस्कान रिक्षा पाहायला गेली. जैबुनबी जागची हलली नाही. मधुसूदनराव थोड्या अंतरावर हात मागे बांधून उभे राहिले.

"भाऊ," ती म्हणाली, "तिकडं मालीत आता किती वाजले असतीन?"

"भाभी, बस अजून पेट्रोलपंपाच्याही पुढे गेली नसेल."

"सांगा न पन."

त्यांनी घड्याळ पाहिलं, बोटांवर साडेपाच तास मागे मोजले. "रात्रीचा एक."

"मंग निजले असतीन तिथले लोक," जैबुनबी म्हणाली. "निजू द्या. हे पोचेस्तोवर उठतीन."